झडती

प्रेसमधून सुटताना रोज माझी झडती होते.
खिसे, डबा, बुटांचे तळवे.
एकवीस वर्षं झाली,
गेट दिसलं की हात आपोआप वर जातात.

दिवसभर मी छापलेले कागद बघतो.
शाई केसभर सरकली तरी डोळा अडखळतो,
त्याचाच पगार आहे मला.
सुटताना पास दाखवतो, डबा उघडून दाखवतो,
डोळे मात्र गेटवर जमा करता येत नाहीत.
ते येतात तसेच घरी,
जेल रोडला, दुसऱ्या मजल्यावर.

मुलाचं नाव तन्मय.
आम्हीच ठेवलं. बारशाला काय माहीत.
आजवर सहा कंपासपेट्या,
बाटल्या मोजायच्या सोडल्या,
आणि एक सायकल. तिची किल्ली मात्र अजून आहे.
गणिताचा पेपर निम्मा कोरा
आणि मागच्या पानावर गोदावरीवरचा पूल,
कठड्याचा एकही गज न चुकवता.

गंगापूर रोडच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, एडीएचडी.
म्हणाल्या, हा आळस नाही, उर्मटपणाही नाही.
रेवतीने वहीत उतरवून घेतलं.
मी फीची पावती तपासली.
भाऊ म्हणाला, आपल्या वेळी ह्याला एकच औषध होतं,
आणि पंजा हलवून दाखवला.
मी हसलो.
तन्मय तिथेच बसला होता.

मग रोज संध्याकाळी मी दारातच
त्याचं दप्तर उलटं करायला लागलो.
वही? सही? डबा? झाकण?
"विसरलो."
विसरलो म्हणजे काय? जेवायला विसरतोस का?
"विसरतो तो," रेवती आतून म्हणायची,
"तुम्ही घरी नसता तेव्हा."

काल रात्री स्कूटरची किल्ली. तिसरी.
मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.
शेजारच्या गायधनींनी टीव्हीचा आवाज कमी केला.
तन्मय भिंतीला पाठ लावून उभा राहिला,
दोन्ही हात वर.
"घ्या पप्पा. बुटातपण बघा."

मी हात उगारला.
खाली घेतला.
मधे किती वेळ गेला ते त्याला विचारा.

आज कुणाशी न बोलता निघालो, चालतच.
भोंगा झाला, मी गेटवर. खिशात पास नाही.
दुसऱ्या खिशात नाही. डब्याच्या पिशवीत नाही.
मागे रांग तुंबली.
आणि माझ्याच तोंडून आलं, "विसरलो."
एवढाच तो शब्द.
आत काही लपवायला जागाच नव्हती त्याच्यात.

गेटवरच्या पगाऱ्यांनी मान वर केली नाही.
"होतं साहेब. बाजूला बसा.
घरी फोन लावा."

फोन त्यानेच उचलला, त्याची शाळा बाराची.
"फ्रिजवर आहे पप्पा, मला दिसला होता. आणतो."
पंधरा मिनिटांचा रस्ता.
मी बाकावर बसून मोजत राहिलो:
बिटको चौकात खोदकाम चालू आहे, तिथे क्रेन असेल,
पुढे सायकलवाल्याचं दुकान,
रेल्वेची शिट्टी वाजली तर संपलंच.

चाळीस मिनिटांनी आला. पळत.
एका पायात रेवतीची चप्पल.
पास गळ्यात घातलेला, दोरीला गाठ मारून,
"म्हणजे हरवणार नाही."
त्याच्या छातीवर माझा फोटो उड्या मारत होता,
एकवीस वर्षांपूर्वीचा, दाट केसांचा.

उशीर का झाला ते मी विचारलं नाही.
त्याने सांगितलंच.
क्रेन होती. तिचा हूक कसा वळतो ते
हाताने करून दाखवलं,
पगाऱ्यांनीही पेन खाली ठेवलं.
अर्ध्या दिवसाचा पगार जाईल.

संध्याकाळी झडती झाली. घरी आलो.
दप्तर दारातच पडलेलं, तोंड उघडं.
डोळ्याला दिसायचं ते दिसलंच,
डबा आहे, झाकण नाही.
ओलांडून आत गेलो.

किल्ली अजून सापडलेली नाही.